घरातले व्यसन वेळीच ओळखावे

माळकऱ्याच्या घरात व्यसन शिरत नाही, असा आपल्या मंडळींचा समज असतो. पण माळ बापाच्या गळ्यात. मुलगा पानटपरीवर चार पोरांत उभा असतो, आणि पुडी तिथे हाती येते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी पुडी मिळतेच. तेव्हा घरच्यांनीच डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

ओळखावे कसे? एका खुणेवरून नव्हे. वयात येताना पोरे घुमी होतात, चिडतात, उशिरा उठतात. तेवढ्याने कोणी व्यसनी ठरत नाही. पण तीन-चार गोष्टी एकदम पालटल्या आणि काही आठवडे तशाच राहिल्या, तर सावध व्हावे. जुने सोबती सुटतात, नव्यांची नावे तो सांगत नाही. कॉलेज बुडते, खेळातले, भजनातले मन उडते. घरातले पैसे, चीजवस्तू नाहीशा होतात. झोप-भूक बिघडते, साध्या प्रश्नाला खोटे उत्तर येते. गुटखा, सुपारी खाणाऱ्याची खूण तर ताटावरच दिसते: काल ठेचा-भाकर खाणारा पोरगा आज तिखटाने कळवळतो, पुढे तोंड पुरते उघडेनासे होते. या दुखण्यातून कर्करोग होऊ शकतो. दातांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे.

शंका आली की आपण काय करतो? एक तर मार देतो, नाही तर माळ घालून शपथ घ्यायला लावतो. माराने पोर लपवायला शिकते. माळ थोर खरी, पण जडलेले व्यसन हा आजार आहे. शपथ मोडली की पोर लाजेने घराला तोंड दाखवीत नाही. शिवाय रोज फार पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून आधी वैद्यकीय उपचार. माळ त्याच्या जोडीला.

पोर शुद्धीवर असताना, एकांतात, हळूच विचारावे, "बाळा, हल्ली तुझं जेवणात लक्ष नाही, काय होतंय रे?" उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही, पुन्हा विचारावे. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे. सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

वारीत मागे पडलेल्याला दिंडी हात देते. आपल्याच अंगणात मागे पडलेल्याला तो हात आम्ही नाही द्यायचा, तर कोणी द्यायचा?