येरळवाडीचे पाहुणे

खटाव तालुक्यात येरळा नदीवर येरळवाडीचा तलाव आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात. कच्छच्या रणात ते मातीची घरटी करतात. मी आजोबांबरोबर बघायला गेलो. रोहित लई उंच, पाय काठीसारखे. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळून बारीक जीव व शेवाळ खातो. म्हणून त्याला उथळ पाणी लागते. पाणी खोल झाले की चोच तळाला पोचत नाही, तलाव आटला की खायलाच नाही. पूर्वी मायणीच्या तलावावर पण खूप यायचे, असे आजोबा सांगतात.

मी आनंदाने ओरडलो, "ते बघा रोहित!" तसा सगळा थवा उडाला. पंखांचा लाल-काळा रंग तेव्हाच दिसला.

आजोबा म्हणाले, "लेका, जेवत्या पाहुण्याला उठवलंस."

आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. ते परत आले नाहीत.

— इयत्ता ४ थी