माळावरील पवनचक्क्या आणि गांवकऱ्यांचा हिस्सा

कोरेगांव भीमेसारख्या नदीकांठच्या गांवांत जमिनीची किंमत पाण्यावरून ठरते. ज्या माळावर हुलगे-मटकीपलीकडे फारसें पीक येत नाहीं, त्यास आपण हलका म्हणतों. परंतु वाऱ्याची मोजणी निराळी आहे. सातारा जिल्ह्यांत पाटण तालुक्यांतील वनकुसवडे आणि सातारा तालुक्यांतील चाळकेवाडी येथील उंच पठारांवर आज पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्यावरून माळाच्या मालकांनीं काय बोध घ्यावा, याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्यांतील शक्ति आठपट होते. वेग केवळ सव्वापट झाला तरी ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून ज्या माथ्यावर नैर्ऋत्येचा वारा अडथळ्यावांचून येतो, ती जागा मोलाची. शिरूर-दौंडकडील माळ घाटमाथ्याइतके उंच नाहींत. तेथें उंच मनोऱ्यावर यंत्र लावून निदान वर्षभर वारा मोजल्यावांचून कोणाच्याहि आश्वासनावर विसंबूं नये.

आपल्याकडे वाऱ्याचा जोर आषाढ-श्रावणांत असतो; विहिरीवरील पंपास विजेची निकड रब्बींत व उन्हाळ्यांत लागते. त्यामुळें पवनचक्कीची वीज तारांवाटे बाहेर जाऊन विकली जाते. माळ पाणी देत नाहीं, पैसा देतो. तो कोणाच्या पदरीं पडावा, हाच खरा प्रश्न होय.

जमीन एकदां विकली कीं रक्कम लग्नकार्यांत व कर्जफेडींत संपते, आणि चक्की मात्र वीस-पंचवीस वर्षें फिरत राहते. शिवाय माळाच्या सात-बाराच्या उताऱ्यावर पुष्कळदां अनेक हिस्सेदारांचीं नांवें असतात. कोणी गांवीं, कोणी मुंबईस. एकानें परस्पर सही केली तर भाऊबंदकी पेटते. यास्तव आमची सूचना अशी:

१. विक्री न करितां मुदतीचा भाडेपट्टा करावा, व भाडें ठराविक वर्षांनीं वाढावें.

२. ज्यांच्या शेतांतून रस्ता अथवा तारा जातात, त्यांसहि मोबदला असावा.

३. चक्कीच्या पायाभोंवतालचें चराईचें व पेरणीचें हक्क लेखीं राखावे.

४. रस्ता खोदतांना पाण्याच्या वाटा मोडूं नयेत. पठारावर मुरणाऱ्या पाण्यावर खालचे झरे जगतात.

५. मुदतीनंतर चक्की काढून नेण्याचा खर्च आधींच अनामत ठेवून घ्यावा.

६. करार मराठींत ग्रामसभेपुढें वाचून दाखवावा.

याहून पुढचें पाऊल म्हणजे गांवकऱ्यांनीं स्वतः भागीदार होणें. डेन्मार्कमध्यें कोपनहेगनजवळ समुद्रांत 2000 सालीं वीस चक्क्या उभ्या राहिल्या; त्यांपैकीं निम्म्या हजारों सभासदांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. तेथें 2009 पासून कांहीं वर्षें असा कायदाहि होता कीं, नव्या चक्कीचा निदान पांचवा हिस्सा शेजारच्या रहिवाशांस विकत घेण्यास देऊं करावा. ही रीत आपणांस परकी नव्हे. प्रवरेकांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं भाग गोळा करून साखर कारखाना उभारला. उंसास जें साधलें, तें वाऱ्यास कां साधूं नये?

मात्र भाग घेतांना कर्ज काढून घेऊं नये; पावसाप्रमाणें वाराहि एखाद्या वर्षीं कमी असतो. आधीं वारा मोजावा, मग हिस्से ठरवावे, आणि सही सर्वांत शेवटीं करावी.