पंपाची बंदूक घ्यायला निघालेल्या पुतण्याला

बाबू, तू पंपाची बंदूक घेणार असं तुझ्या आईकडून कळलं. धान दुधात आला की डुकरांचा कळप एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून जातो आणि डबे वाजवून आता तो हलतही नाही, हे मलाही दिसतं. त्यामुळे नको म्हणणार नाही. पण नागपूरच्या दुकानात काचेमागची काळी बंदूक बघण्याआधी माझं ऐकून घे. आपल्या घरात माझ्या आज्याची ठासणीची होती, बापाची एकनळी होती, माझी दुनळी आहे. मी सांगतो त्यातलं अर्धं त्या दोघांचं आहे.

आज्या म्हणायचा, आधी कागद, मग लोखंड. तू उलटं करतो आहेस. बंदुकीची चित्रं मोबाईलमध्ये साठवून ठेवलीस आणि परवान्याचा अर्ज अजून कोरा आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आपल्यासारख्या शेतकऱ्याबद्दल काय म्हणतो ते नीट समजून घे. पीकसंरक्षणासाठी त्याने पहिली धरली आहे ती ठासणीचीच बंदूक. मात्र तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, आणि तिची नळी किमान २० इंच हवी. म्हणजे तुझ्या अर्जाचा सगळा जीव 'ठासणीने का भागत नाही' या एका उत्तरात आहे. ते लिही. पावसात दारू ओली होते. एक बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत कळप दुसऱ्या बांधीत गेलेला असतो. सोबत सातबारा जोड, वनखात्याने केलेले नुकसानीचे पंचनामे जोड, भरपाई मिळाली असेल तर तिचे आदेशही जोड. लोक हे कागद फेकून देतात आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात तोंडी रडगाणं गातात.

परवान्यावर बंदुकीचा प्रकार लिहिलेला असतो. त्यावर दुनळी लिहून आली तर पंप घेता येणार नाही. म्हणून अर्जातच '१२ बोअर, पंप अॅक्शन' असं स्पष्ट माग. वय २१ पूर्ण हवं, ते तुझं झालं आहे. वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. त्या प्रशिक्षणाला नुसतं सही करायला जाऊ नकोस. परवाना आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीनचा होता. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी गेलाच पाहिजे, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गाठ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ सांगतो की अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आधी लागते. नागझिरा आणि नवेगावच्या आजूबाजूची किती गावं या दहा किलोमीटरमध्ये येतात ते तूच मोज. सडक अर्जुनी, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतल्या माणसाने हे गृहीत धरूनच चालावं. त्यात आपला जिल्हा अनेक वर्षं नक्षलग्रस्त म्हणून मोजला गेला. देवरी, सालेकसा भागात घरातली बंदूक ही पोलिसांच्या काळजीची बाब राहिली आहे. फाईलला वेळ लागतो. चिडू नकोस, पाठपुरावा कर.

आता बंदुकीकडे येऊ. सिनेमात तू जो पंप पाहिलास तो आखूड असतो. अमेरिकेत शॉटगनच्या नळीची कायदेशीर मर्यादा १८ इंच आहे, म्हणून तिकडच्या पोलिसी पंपाची नळी अठरा-साडेअठरा इंचांची दिसते. आपल्याकडे २० इंचांच्या आतली नळी साध्या परवान्यात बसतच नाही. अर्धस्वयंचलित बंदुकांचाही गट वेगळा आहे, तिकडे वळू नकोस. पंप हाताने ओढावा लागतो, म्हणून तो साध्या गटात राहतो. वावरासाठी मी चोवीस ते अठ्ठावीस इंचांची नळी घेईन. माळ्यावर बसून मारताना लांब नळीची दिशा हाताला कळते आणि आवाजाचा तडाखाही कानापासून जरा लांब पडतो.

स्वस्त म्हणून काय घ्यावं? रेमिंग्टन ८७० हे नाव तुझ्या तोंडी आहे. १९५० पासून निघणारी ती बंदूक चांगलीच आहे, तिकडे शेतकऱ्याच्या गाडीत पडलेली असते. आपल्याकडे मात्र जुन्या विलायती मालाला नावाची किंमत लागते आणि ती किंमत धान विकून फेडण्यासारखी नाही. शिवाय दांडी मोडली, स्प्रिंग गेली, तर भाग कुठून आणशील? पहिली बंदूक सरकारी आयुध निर्माणीची घे. त्यांची १२ बोअरची पंप बंदूक आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यात शस्त्रांचं काम कानपूरच्या कंपनीकडे गेलं. तिचं लाकूड, तिची रंगरंगोटी कदाचित तुझ्या डोळ्यात भरणार नाही. पण भाग मिळतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला ती ठाऊक असते. गावात कोणी सांगेल की शेजारी भंडाऱ्याला जवाहरनगरच्या निर्माणीत ओळख आहे, तिथून स्वस्तात काढून देतो. हसून सोडून दे. तिथे दारू आणि स्फोटकं बनतात, बंदुका नाही. मुंगेरचं नाव घेऊन कोणी 'कागद नंतर करू' म्हणाला तर मात्र हसूसुद्धा नकोस, उठून ये. मुंगेरला परवान्याचे कारखाने आहेत तशीच चोरट्या कट्ट्यांची बदनामीही आहे, आणि बिनकागदाच्या बंदुकीची शिक्षा तुझ्या पुढच्या दहा पिकांपेक्षा महाग पडेल.

वापरलेला पंप मिळाला तर घ्यायला हरकत नाही, मात्र हाताने तपासून. दुकानदाराकडे रिकामी, बिनदारूची नमुना काडतुसं माग. ती नसतील तर तो दुकानदारच बदल. चार काडतुसं नळीखालच्या कोठीत भर आणि पंप ओढून एकेक बाहेर काढ. प्रत्येक काडतूस वर उचललं गेलं पाहिजे, आत गेलं पाहिजे आणि झटक्याने बाहेर पडलं पाहिजे. एक जरी आडवं अडकलं तर किमतीची बोलणी थांबव. पुढचा हाताचा दांडा थोडा खुळखुळतो, ते चालतं. पण नळी मधल्या पेटीशी जिथे जोडली आहे तिथे हलली तर चालत नाही. नळीत उजेडाकडे बघ. चकाकी एकसारखी हवी. आतून काळे खड्डे दिसले तर तो गंज आहे आणि तो वाढतच जातो. बाहेरून पोचा दिसला तर आत तिथे सावली पडलेली असते. नळीवरचा आणि पेटीवरचा क्रमांक कागदाशी जुळव, चाचणीचे शिक्के बघ. शेवटी दस्ता खांद्याला लाव. गाल ठेवल्यावर डोळा आपोआप नळीच्या रेषेत यायला हवा. मान वाकवावी लागत असेल तर तो दस्ता तुझ्या मापाचा नाही.

पंपाची एक खोड आहे, ती दुकानदार सांगत नाही. घाईत दांडा अर्धाच मागे येतो. मग उडालेल्या काडतुसाची रिकामी टोपी अडकते आणि माणूस अंधारात चाचपडत बसतो. पंप ओढायचा तो अंगाशी येईपर्यंत, जोराने, आणि तसाच पुढे ढकलायचा. नाजूक हाताने ओढलेला पंपच अडकतो. घरी नमुना काडतुसांवर हे रोज कर.

दुसरी खोड त्याहून वाईट आहे, आणि खरं सांगायचं तर मी अजूनही दुनळी का बाळगतो ते तिच्यातच आहे. दुनळी मोडली की दोन्ही भोकं उघडी पडतात, भरलेली की रिकामी ते पोरालाही दिसतं. पंप सगळं पोटात ठेवतो. एक काडतूस नळीत, बाकीची कोठीत, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. कोठी रिकामी केली म्हणून नळी रिकामी होत नाही. नळीतलं एक बाहेर काढलं आणि कोठीत दुसरं राहिलं, तर पंप पुढे ढकलताच ते नळीत जाऊन बसतं. म्हणून माळ्यावरून उतरण्याआधी पंप मागे ओढलेला, डोळ्याने नळी आणि कोठी दोन्ही पाहिलेली, वर बोट घालून चाचपलेली. अंधारात डोळ्यावर विसंबू नकोस, बोट घालच. खटका लावला आहे म्हणून भरलेली बंदूक घेऊन धुऱ्यावरून चालायचं नाही. चिखलात पाय घसरतोच.

काडतुसांबद्दल. आपल्याकडे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं चालतात. पंपासाठी प्लॅस्टिकच्या टोपीचीच घे. कागदी टोपी पावसाळ्यात फुगते. दुनळीत ती अंगठ्याने रेटता येते, पंपात मात्र तिथेच गाडी अडते. काडतुसाची लांबी बघ, ६५ की ७० मिलिमीटर. ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या टोपीची असते. म्हणूनच ७० चं काडतूस ६५ च्या जुन्या घरात बसतं, आणि बसतं म्हणूनच माणूस फसतो. उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि नळीवर दाब वाढतो. नव्या पंपात हा प्रश्न नसतो, पण तू माझ्या बापाच्या एकनळीत तीच काडतुसं घालशील म्हणून सांगून ठेवतो. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं ते लिहिलेलं असतं. उडवलेल्या प्रत्येकाची वही ठेव.

छर्रा किती लांब जातो याचा अंदाज आपल्या लोकांना नाही. डुकराला लागावा असा बार तीस-पस्तीस मीटरच्या आतलाच. पण बारीक छर्रासुद्धा दोनशे मीटरवर जाऊन पडतो आणि एसजीचा जाड दाणा सहाशे मीटर पार करतो. आपल्या बांध्यांत तेवढ्या अंतरात चार माळे असतात आणि प्रत्येक माळ्यावर कोणाचा तरी बाप जागलीला बसलेला असतो. संध्याकाळीच फिरून कोण कुठे आहे ते विचारून घे. बोडीच्या पाळीच्या दिशेला, माती मागे असेल अशाच बाजूला नळी धर. हालचाल दिसली म्हणून मारायचं नाही, बॅटरीच्या उजेडात जनावर ओळखलं तरच. भीती घालायला आकाशात बार काढलास तरी दाणे खाली येतातच. आणि लग्नावरातीत हौसेने बार काढशील तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नवरदेव तुझा चुलतभाऊ असला तरी.

हे मनावर घे, कारण इथेच बहुतेक पोरं फसतात. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या जनावराला मारायची लेखी परवानगी वनखातं देतं. ती हातात असल्याशिवाय बार लागला तर तो शिकारीचा गुन्हा आहे. परवानगीसाठी आणि भरपाईसाठी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दे. अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊल टाकणंसुद्धा चालत नाही, मग तुझी गाय तिकडे गेली असली तरी. आणि बंदूक नाही म्हणून कुंपणात वीज सोडणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्या तारेवर माणसंही मेली आहेत आणि वाघही.

परवान्यावरचं क्षेत्रही वाच. पीकसंरक्षणाची बंदूक तुझ्या वावरापुरती आहे. आपण सीमेवरचे लोक, सकाळी लांजीच्या बाजाराला, दुपारी डोंगरगडला बमलेश्वरीला जाऊन येतो आणि राज्य बदललं हे ध्यानात राहत नाही. लांजी मध्य प्रदेशात आहे, डोंगरगड छत्तीसगडमध्ये. बंदूक जीपमध्ये विसरून जाऊ नकोस.

घरी ती उघडी, रिकामी, कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत, दोन्ही किल्ल्या तुझ्याच कडदोऱ्याला. पावसाळ्यात लोखंडाला रात्रीतून गंज चढतो, म्हणून जागलीवरून आल्याबरोबर नळीत कोरडं फडकं आणि मग तेलाचा पातळ हात. तेल जास्त झालं की त्यात धूळ आणि धानाचा कोंडा बसतो आणि पंप जड होतो. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येऊ शकतो. सहीशिक्क्याची पावती घेतल्याशिवाय हात सोडू नकोस, आणि परत घेताना क्रमांक व नळी तिथेच तपासून घे.

माझं मत विचारशील तर पहिली बंदूक दुनळीच असावी. दोन बारांत कळप बांधीबाहेर जातो, तिसऱ्याची गरज मला क्वचित पडली. पण ओढायची तर तुलाच आहे. पंपच घ्यायचा ठरला असेल तर परवाना हातात पडेपर्यंत कोणालाही विसार देऊ नकोस, आणि नागपूरला जायच्या दिवशी मला घेऊन चल.