ग्राइंडरचा गार्ड काढू नका, डोळा गमावू नका



आपल्या वस्तीतली कितीतरी पोरं ग्रिल-शटरच्या दुकानात, फरशीच्या कामावर, वेल्डिंगला जातात. हाताचा ग्राइंडर हे त्यांचं रोजचं हत्यार. या एका मशीननं कापलेली बोटं आणि बिघडलेले डोळे आम्ही दवाखान्यात बघितले, आता वस्तीत फिरतानाही बघतो. म्हणून या वेळचं पान ग्राइंडरवर. मशीन चालवणाऱ्यानं वाचावंच. त्याच्या आईनं, बायकोनंही वाचावं.

काडीनं काढलेला कण

ग्रिलचं काम करणाऱ्या एका पोराच्या डोळ्यात शुक्रवारी लोखंडाचा कण गेला. चष्मा नव्हता. सोबत्यानं आगपेटीच्या काडीला रुमाल गुंडाळून कण ‘काढला’. मेडिकलमधून थेंब आणले. ठणका थांबला म्हणून शनिवारीही तो कामावर गेला. सोमवारी आमच्याकडे आला तेव्हा बुबुळावर पांढरा डाग दिसत होता. जखम भरली, डाग राहिला. त्या डोळ्यानं त्याला आता धूसर दिसतं. शे-दोनशे रुपयांच्या चष्म्यानं हे टळलं असतं.

गार्ड कशासाठी?

चार इंची ग्राइंडरचं चाक मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतं. म्हणजे चाकाच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. या वेगात चाक फुटलं तर तुकडा तोंडात, गळ्यात, मांडीत घुसतो. मधे अडवायला फक्त गार्ड असतो, आणि कामावर सगळ्यात आधी काढला जातो तोच. ‘मोठं चाक बसत नाही’, ‘कोपऱ्यात हात जात नाही’, ‘वेळ लागतो’, ही कारणं आम्ही नेहमी ऐकतो. चार इंची मशीनला पाच इंची चाक गार्ड काढल्याशिवाय बसत नाही, याचा अर्थ ते चाक त्या मशीनचं नाही. लाकडाचं दातेरी पातंही ग्राइंडरला लावू नका. ते अडकतं आणि मशीन अंगावर उसळतं.

रोजची शिस्त

१. चाक बदलताना पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

२. चाकाला चीर, तुटलेली कड, ओल आहे का बघा. मुदत छापलेली असेल तर तीही बघा. हातातून पडलेलं चाक वापरू नका. चाकावर लिहिलेले फेरे मशीनवरच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत.

३. कापायचं पातळ चाक घासायला वापरू नका. आडवा जोर पडला की ते फुटतं.

४. नवं चाक लावल्यावर मिनिटभर मोकळं फिरवा. समोर कुणी उभं नको. बाजूची मूठ लावा, मशीन दोन्ही हातांनी धरा.

५. चष्मा बाजूनं बंद असलेला हवा. नंबरचा चष्मा चालत नाही. गळ्यातला गमछा, सैल बाह्या आवरा. फरशी कापताना एन-९५ मास्क लावा. दगडाची बारीक धूळ रुमालानं अडत नाही आणि फुप्फुसात साचली की निघत नाही.

६. उघड्या वायरी सॉकेटात घालून काड्या ठोकू नका. पिन लावा. एमसीबी वायरिंग वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. ओल्या जागेत मशीन चालवू नका.

७. काम संपलं की पिन काढून मशीनच्या झरोक्यांतली धूळ साफ करा. आत जास्त ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश तपासा, झिजले असतील तर दोन्ही एकदम बदला. वायर सोलली असेल तर नवी टाका. चिकटपट्टीवर चिकटपट्टी नको.

लागलंच तर

डोळा: चोळू नका. दूध, तूप, मध काही घालू नका. साधी धूळ असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवा. कण रुतला असेल किंवा जोरात काही लागलं असेल तर डोळा दाबू नका. वरून कागदी कप ठेवून चिकटवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. दुखत नसलं तरी जा, कण आत शिरलेला असू शकतो. बधिर करणारे थेंब मनानं घालू नका. त्यांनी दुखणं झाकतं आणि बुबुळ खराब होतं.

बोट: जखमेवर हळद, चहापत्ती, चुना नको. स्वच्छ फडक्यानं घट्ट दाबा, हात वर धरा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. १०८ ला फोन करा. सहा तासांच्या आत मोठं रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

शॉक: आधी मेन स्विच बंद करा, मग माणसाला हात लावा.

केसपेपरवर खरं लिहा

पोराला दवाखान्यात आणणारा ठेकेदार कानात सांगतो, “घरी पडला म्हणून सांग, खर्च मी बघतो.” पहिली पट्टी तो करतो, मग फोन उचलत नाही. केसपेपरवर ‘घरी पडला’ असेल तर भरपाई मागायला हातात काही उरत नाही. म्हणून डॉक्टरला खरं सांगा: कामावर, मशीननं, अमुक ठिकाणी लागलं. तसंच लिहून घ्या, कागदाचा फोटो काढून ठेवा. कामावरच्या अपघाताची भरपाई कायद्यानं मागता येते. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगारानं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो त्यांच्या काळात. कामगाराच्या देहाची किंमत त्यांनी कायद्यात मांडली. ती आपणच घरात कमी का करायची?

तथागतांनी अखेरच्या वेळी अप्रमाद सांगितला, म्हणजे सावधपणा. येत्या रविवारी वंदनेनंतर आपापली मशीनं विहाराच्या ओट्यावर आणा. वस्तीतल्या इलेक्ट्रिशियन भावाला बोलवा, वायर, पिन, गार्ड तपासून घ्या. आणि सोमवारी पोरगा कामाला निघाला की आईनं डब्याबरोबर चष्माही विचारावा.

जय भीम!