काणीच्या पोटातले लग्न

ज्वारीचे कणीस निसवते. दाणा भरू लागतो. आणि एक दिवस बघावे तर काही दाण्यांच्या जागी मळकट पांढऱ्या, टोकदार पुड्या! पुडी बोटाने चिरडली की आतून काळी भुकटी निघते. ही काणी. "औंदा पावसानं घात केला," असे म्हणून आपण गप्प बसतो. पण पावसाला बोल लावून उपयोग नाही. काणी ही एक बुरशी आहे. तिच्या काळ्या भुकटीत एक लग्न लागते. शास्त्रातही त्याला लग्नच म्हणतात.

त्याचा शब्द आहे कॅरिओगॅमी. अवघड वाटतो ना? तोडून वाचा : कॅ-रि-ओ-गॅ-मी. हा ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांचा जोड आहे. कॅरिऑन म्हणजे अक्रोडासारखे कवचीचे फळ, किंवा त्यातला गर. गॅमॉस म्हणजे लग्न. गराचे गराशी लग्न, एवढाच अर्थ.

हा गर कुठला? घर विटांचे असते, तसे झाड, जनावर, बुरशी ही सारी पेशींची बनलेली असतात. पेशीत एक बारीक गोळी असते. 1831 साली रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटलंडच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला न्यूक्लिअस हे नाव दिले. हा शब्द लॅटिन. त्याचाही अर्थ गर. मराठीत आपण केंद्रक म्हणतो. वाण उंच की बुटका, दाणा पांढरा की लाल, हा सारा हिशेब केंद्रकात असतो. पुढे 1876 साली ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याच्या अंड्यात नराचे आणि मादीचे केंद्रक एक होते, हे दाखवून दिले.

सूर्यातही केंद्रके जुळतात, असे कुणी वाचून दाखवील. ती अणूंची केंद्रके. नाव सारखे, गोष्ट निराळी.

आता काणीकडे वळू. तिच्या भुकटीचा एकेक कण म्हणजे बीजकण. तो इतका बारीक, की एका मिलिमीटरच्या जागेत शंभरावर कण ओळीने बसतील. मळणीच्या वेळी पुड्या फुटतात आणि हे कण चांगल्या दाण्यांना चिकटतात. डोळ्यांना काही दिसत नाही. तेच बियाणे पेरले, की दाण्याबरोबर बीजकणही रुजतो. त्यातून एकेका केंद्रकाच्या बारीक पेशी निघतात. एकटी पेशी ज्वारीचे काही बिघडवू शकत नाही. तिला दुसऱ्या जातीची जोडीदार पेशी लागते. दोघी भेटल्या की पेशी एक होतात, पण केंद्रके मात्र शेजारी शेजारी वेगळीच राहतात. साखरपुडा झाला, लग्न राहिले, असे म्हणा! या दोन केंद्रकांच्या रूपातच बुरशी कोवळ्या रोपात शिरते आणि त्याच्याबरोबर वर चढते. बाहेरून रोप अगदी निरोगी. कणसात दाण्याच्या जागी काळे बीजकण तयार होतात, तेव्हा कुठे ती दोन केंद्रके एकमेकांत मिसळतात. हीच कॅरिओगॅमी.

पुढे बीजकण रुजताना त्या एका केंद्रकाची चार होतात. त्यात दोन्हींकडचे गुण मिसळून वाटले जातात. म्हणून काणीचेही नवे वाण निघू शकतात. आज काणीला दाद न देणारी ज्वारी उद्याही तशीच राहील, असा भरवसा धरू नये.

मात्र साखरपुड्याआधीच बीजकण मारता येतो. पेरणीच्या आधी एक किलो बियाण्याला 4 ग्रॅम गंधकाची बारीक पूड चोळावी. दुकानात 300 मेशचे गंधक मागावे. मडक्यात बी व गंधक घालून, तोंड बांधून चांगले हलवले, की प्रत्येक दाण्याला पूड लागते. चोळलेले बी खाऊ नये, गुरांनाही घालू नये. सगळे कणीसच काळ्या गाठोड्यासारखे होते, ती काणी दुसरी. तिचे बीजकण जमिनीत राहतात, तिथे गंधक चालत नाही.

शेतात काणीची कणसे दिसली तर ती झटकू नका. हलकेच कापडी पिशवीत घालून कापा आणि शेताबाहेर नेऊन जाळा. हे मळणीच्या आधी करायचे. खळ्यावर पुडी फुटली, की ती भुकटी पुढच्या वर्षाच्या बियाण्यावर बसलीच.