फ्रॅटॅक्सिन : पेशीतल्या लोहाचा राखणदार

राधानगरीच्या सड्यावरचा जांभा लाल का? त्यातल्या लोहाला हवा-पाणी लागून ते गंजले म्हणून. लोह आपल्या अंगातही आहे. पण शरीर त्याला सहसा मोकळे सोडत नाही, कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या ताब्यात ठेवते. रक्तात हिमोग्लोबिन, साठ्याला फेरिटिन. आणि पेशीला शक्ती पुरवणाऱ्या तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, या कामात फ्रॅटॅक्सिन नावाचे छोटे प्रथिन असते.

तयार होते तेव्हा त्यात २१० अमिनो आम्ले असतात. तंतुकणिकेत शिरल्यावर दोनदा छाटणी होऊन १३० आम्लांचे रूप कामाला लागते. यीस्टमधले फ्रॅटॅक्सिन लोह मिळताच एकमेकांना चिकटते. आधी तिघांचा गट, मग गटाला गट जुळून २४ रेणूंचा गोळा होतो आणि त्याच्या पोटात लोह साठते. माणसात अर्धवट छाटलेले लांब रूप असे जुळते, पूर्ण छाटलेले बहुधा सुटेच राहते. म्हणून खरे काम गोळा करतो की सुटा रेणू, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. २०१९ मध्ये मानवी फ्रॅटॅक्सिन लोह-गंधकाची जोडणी करणाऱ्या प्रथिनांच्या खाचेत बसलेले दिसले. आमच्या मते त्यामुळे सुट्या रेणूची बाजू भक्कम झाली.

हे प्रथिन कमी पडले तर लोह-गंधकाची जोडणी अडते, तंतुकणिकेत लोह साचते आणि मज्जातंतू व हृदय झिजू लागते. जर्मनीतील हायडेलबर्गचे डॉक्टर निकोलाउस फ्रीडरिक यांनी १८६३ मध्ये या आजाराचे वर्णन केले. जनुक सापडले १९९६ साली, नवव्या गुणसूत्रावर.

फ्रीडरिक अटॅक्सिया बहुतेकदा पाच ते पंधरा वर्षांच्या वयात दिसू लागतो. मूल चालताना झोकांड्या खाते, अंधारात जास्त. बोलणे जड होते, पाठीला बाक येतो, पावलाची कमान उंच होते. मोठेपणी अशा माणसाला लोक सरळ दारुडा ठरवतात, हे फार वाईट.

दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. एकेक दोष असलेले आई-वडील स्वतः धडधाकट असतात, पण त्यांच्या प्रत्येक अपत्याला चारात एक धोका असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत आहे. एकाच आजी-आजोबांचा दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता त्यात वाढते. घरात असा रुग्ण असेल तर सोयरीक जुळवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

नेहमीच्या रक्त तपासणीत हा आजार कळत नाही, त्याला जनुक चाचणी लागते. निदान झाल्यावर हृदयाचा इको आणि साखर वेळोवेळी तपासावी. व्यायामोपचार सोडू नये. २०२३ मध्ये अमेरिकेत ओमाव्हेलोक्सोलोन या औषधाला मान्यता मिळाली. ते आजार धीमा करते, बरा करत नाही.

अशा रुग्णाला अशक्तपणा म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नका. मात्र हे वाचून गरोदर बाईची गोळी कुणी बंद करू नये. तिच्या रक्ताला लोह लागतेच, आणि ती गोष्ट अगदी वेगळी आहे.