नगरातील अरण्य

श्रावण नुकताच सरला होता. मुंबईतील एका शाळेचा सातवीचा वर्ग बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारातून आत शिरला. मागे महामार्गावरील वाहनांचा कोलाहल चालूच होता. परंतु काही अंतर आत जाताच तो मंदावला आणि पाखरांचा किलबिलाट कानी येऊ लागला.

सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराचे हे अरण्य मुंबई आणि ठाणे या दोन नगरांच्या मधोमध पसरलेले आहे. साग, ऐन, कदंब, पळस, काटेसावर असे नाना वृक्ष येथे आहेत. डोंगरउतारांवर कारवीचे रान आहे. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि बी टाकून वाळून जाते. चितळ आणि वानर तर येथे आहेतच. पण बिबट्याही याच रानात नांदतो.

वर्ग कान्हेरीला पोहोचला. तेथे खडकात कोरलेली शंभरांहून अधिक लेणी आहेत. जवळजवळ एक सहस्र वर्षे बौद्ध भिक्षूंची येथे वस्ती होती. लेण्यांच्या दाराशी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ असे म्हटले आहे.

एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, शहरात माणसांना राहावयास जागा नाही. मग एवढी भूमी मोकळी का ठेवावी?”

गुरुजींनी टाक्याकडे बोट दाखविले. ते म्हणाले, “तुझा प्रश्न रास्त आहे. पण माणसाला जागेइतकीच पाण्याचीही गरज असते. त्या भिक्षूंनी डोंगरावरचा पाऊस या टाक्यांत अडविला, म्हणून त्यांना येथे राहता आले. हे रानही तेच करते. पावसाचे पाणी पानांवर, पाचोळ्यावर अडते, मुळांवाटे मातीत मुरते आणि ओढ्यांतून सावकाश वाहते. याच डोंगरांतील विहार तलाव १८६० साली बांधून पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळाले. पुढे १८७९ साली तुळशी तलाव झाला. आज शहराचे बहुतेक पाणी दूरच्या भातसा व वैतरणा या नद्यांवरील धरणांतून येते. तरीही हे दोन्ही तलाव आपला वाटा देतच आहेत.”

“आणि रान तोडले तर?”

“२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भराव आणि बांधकामे यांनी आवळलेली मिठी नदी काठच्या वस्तीत शिरली. पाण्याची वाट अडविली, की पाणी माणसाच्या घरातून वाट काढते. हे डोंगर उघडे पडले, तर त्यांवरचे पाणीही अधिक वेगाने खाली धावेल.”

परतताना दुसऱ्या एका मुलाने बिबट्याविषयी भीती बोलून दाखविली. गुरुजी म्हणाले, “रानाच्या कडेला आपण उष्टे-खरकटे टाकतो. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. वस्तीकडे येण्याची वाट त्याला आपणच दाखवितो.”

शिदोरी सोडून मुले जेवली. जेवण होताच पहिला प्रश्न विचारणारा विद्यार्थी उठला. त्याने सर्वांचे कागद व उरलेले अन्न एका पिशवीत गोळा केले आणि ती पिशवी घट्ट बांधून तो प्रवेशद्वाराकडे चालू लागला. कोणी त्यास तसे सांगितले नव्हते.